भांडायचं तर बसून भांडा

“होडीत पाणी शिरतंय,” मामा म्हणाला.

तेव्हा आम्ही काठापासून चांगले दोन-तीनशे मीटर आत आलो होतो. मामा डावीकडच्या बाकावर, आई उजवीकडच्या बाकावर, मधे मामी आणि तिच्या मांडीवर अळूवड्यांचा डबा. आई आणि मामा, सख्खी भावंडं, सहा वर्षांनी पहिल्यांदा एका छताखाली बसली होती. छत कसलं, वर ताणलेली निळी ताडपत्री. आणि सहा वर्षांनी भावानं बहिणीसमोर उच्चारलेलं पहिलं वाक्य हे.

“कुंदा,” आई त्याच्याकडे न बघता मामीला म्हणाली, “त्याला सांग, शिरू दे. मला पोहता येतं.”

मामाला पोहता येत नव्हतं. हे आईला ठाऊक होतं आणि मामालाही ठाऊक होतं की हे तिला ठाऊक आहे. मी मागच्या फळीवर उभी होते आणि मला इतकं हसू येत होतं की दात आवळून धरावे लागत होते.

पण हे असं मधूनच सांगून चालायचं नाही. या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. माझं लग्न तेव्हा अकरा दिवसांवर आलं होतं. हॉल ठरला होता, आचारी ठरला होता, मेंदीवालीसुद्धा ठरली होती, फक्त मामा ठरायचा होता. आमच्यात नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणतो तो मामा. माझ्या आईला एकच भाऊ, दिगूमामा, आणि त्याला आईनं पत्रिकासुद्धा पाठवली नव्हती. त्याच्या जागी इस्लामपूरच्या आपल्या चुलतभावाला, अप्पाला, तिनं सांगून ठेवलं होतं. अप्पा माणूस सज्जन, पण मी जन्मल्यापासून तो मला माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारत आला आहे. त्याचा हात धरून मी लग्नाला उभी राहायची, या विचारानं मला रडूच यायचं. मला माझा मामा हवा होता. मला सायकल शिकवताना स्वतःच गटारात पडलेला, माझ्या दहावीच्या निकालाला माझ्याआधी रडलेला, तो मामा.

आणि भांडण कशावरून, तर साडीवरून.

सहा वर्षांपूर्वी मामाच्या मुलीचं लग्न झालं. त्यात आईला मानाची साडी मिळाली. आईनं पाकीट उघडलं तर आत वांगी रंगाची, मोहरीच्या काठांची साडी, आणि तिच्या फॉलला हिरवा दोरा. ती साडी आईनंच पूर्वी मामीला त्यांच्या वास्तुशांतीला दिली होती. फॉल आईनं स्वतः लावला होता आणि वांगी रीळ संपलं म्हणून शेवटचा हातभर हिरव्या दोऱ्यानं शिवला होता. म्हणजे आपलीच दिलेली साडी आपल्यालाच परत, आणि तीही सख्ख्या भावाकडून, भर मांडवात. आईनं ती व्याह्यांच्या देखत मामाच्या हातात ठेवली आणि न जेवता निघून आली. मामाही काही कमी नाही. व्याह्यांसमोर आपली शोभा केली म्हणून त्यानं बोलणं टाकलं. झालं, सहा वर्षं गेली.

शेवटी मामीनंच मला फोन केला.

“ऋजू, मामाच्या घरचं केळवण झाल्याशिवाय तू लग्नाला उभी राहणार असशील तर मला तोंड दाखवू नकोस.”

“मामी, आई तुमच्या घरी जेवायला यायची नाही.”

“आणि हे तुमच्याकडे यायचे नाहीत. म्हणून तर म्हणते, अशी जागा शोध की तिथून दोघांपैकी कुणालाच उठून जाता येणार नाही.”

अशी जागा मला त्याच आठवड्यात सापडली. साताऱ्याहून दीड तासावर धरणाच्या पाण्यात एक होडी दिवसभरासाठी भाड्यानं मिळत होती. साधी होडी नव्हे. ती एका अंगावर कलून चालते, तिच्या मागे एक लाट उभी राहते आणि त्या लाटेवर बोर्ड टाकून आपण उभं राहायचं. सुरुवातीला हातात दोरी धरायची. लाट चांगली लागली की दोरी सोडून द्यायची आणि नुसत्या लाटेवर जायचं. माझ्या ऑफिसातल्या पोरींनी तिचा व्हिडिओ दाखवल्यापासून मी वर्षभर त्याचं वेड घेतलं होतं. मी रविवार ठरवून टाकला.

आईला सांगितलं, ऑफिसच्या मैत्रिणींनी केळवण ठेवलंय. मामाला मामीनं सांगितलं, धरणावरच्या एका रिसॉर्टच्या पाइपलाइनला गळती आहे आणि ती कुणालाच सापडत नाही. मामा नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला. चौतीस वर्षं गावभर गळत्या शोधल्या त्यानं. गळती म्हटलं की त्याला घरात बसवत नाही. तो पान्यांची पिशवी घेऊनच आला.

आईला मी आधी होडीत बसवलं. ती केळवणाला म्हणून चांगली नारायणपेठ नेसून आली होती आणि त्यावर तिला नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं होतं. “मैत्रिणी कुठायत?” असं ती विचारतेय तोवर मामीनं, गळती समोरच्या काठाला आहे असं सांगून, मामाला पलीकडून चढवलं. दोघांची नजरानजर झाली, तेवढ्यात होडीवालीनं दोर सोडला.

“हे काय आहे, ऋजू?” आईनं विचारलं.

“केळवण,” मी म्हणाले.

होडीवाली कल्पना शेडगे, सत्तावीस-अठ्ठावीसची, डोक्याला टोपी, डोळ्यांवर काळा गॉगल, आणि बोलणं मोजकं. ज्याला त्याला चढतानाच तिनं वजन विचारलं होतं, कारण होडी कलवायची तर वजनाचा हिशेब लागतो. आई म्हणाली पंचावन्न. मामी म्हणाली चोपन्न. कल्पनानं दोघींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, “बरं,” म्हणाली आणि काहीच लिहिलं नाही.

तर, होडीत पाणी शिरतंय असं मामा म्हणाला, ते खरंच होतं. डावीकडच्या बाकाखाली रबराची एक मोठी पिशवी असते. तिच्यात पंपानं धरणाचं पाणी भरायचं, ती जड झाली की होडी डावीकडे कलते आणि लाट उठते. कल्पनानं पंप चालू करून ठेवला होता आणि ती मागे मला शिकवत होती, पाठीवर तरंगायचं, टाचा बोर्डावर टेकवायच्या, गुडघे पोटाशी घ्यायचे, उठायची घाई करायची नाही, होडी आपल्याला उठवते. मामाला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्याला बुडाखाली खळखळ ऐकू आली. त्यानं बाकाचं झाकण उचललं, आत पाइपातून पाणी धो धो येताना पाहिलं आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं त्याचा हात पान्यांच्या पिशवीत गेला. पाना लावून त्यानं व्हॉल्व असा आवळला की तो पुन्हा कुणाच्या बापाला उघडला नसता.

“बंद केली,” तो कपाळ पुसत म्हणाला. “नशीब मी होतो.”

मिनिटाभरात रबर जळल्याचा वास आला. पंप गेला होता.

कल्पनानं झाकण उघडून आत पाहिलं, व्हॉल्व पाहिला, मग मामाच्या हातातला पाना पाहिला.

“काका, तुम्ही प्लंबर का?”

“पाणीपुरवठा,” मामा ताठ होऊन म्हणाला.

“मग बराबर.” तिनं झाकण लावलं. “पिशवी पाव भरलीया. आता पिशवीच्या जागी माणसं. समद्यांनी डावीकडं बसा, न्हायतर लाट व्हायची न्हाय. म्हंजे मागं फिरू आणि दिवस संपला.”

मामी ताबडतोब डावीकडे सरकली. केळवणाचे डबेही तिनं ओढून घेतले, मसालेभात, पुरणपोळ्या, मठ्ठ्याची कळशी. आईचा लाडवांचा डबा मी नेऊन ठेवला, कारण आई रिकाम्या हातानं कुठे जात नाही. आई मात्र उजवीकडे बसून राहिली आणि डोंगराकडे बघू लागली.

“मी इथं बरी आहे,” ती म्हणाली.

मी पाण्यात उतरले. पाणी इतकं गार होतं की माझ्या तोंडून लहानपणीची शिवी निघाली. होडी सुरू झाली, दोरी ताणली आणि खरंच, मी न उठता उठले. माझ्या पायाखाली बोर्ड थरथरत होता आणि शेजारी लाट होती जेमतेम गुडघ्याएवढी. तीन सेकंदांत ती माझ्या पायाखालून गेली आणि मी तोंडावर आपटले.

“काकू,” होडी वळवून आणत कल्पना आईला म्हणाली, “तुमच्याबिगर न्हाय व्हायचं.”

आईनं पाण्यातल्या माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी शक्य तितकं केविलवाणं केलं ते. ती उठली, डावीकडे गेली आणि आपल्यात आणि मामात मठ्ठ्याची कळशी ठेवून बसली. “लेकीसाठी बसतेय,” ती कळशीला म्हणाली.

दुसऱ्या खेपेला लाट मांडीपर्यंत आली. मी उठले, तोल सापडला आणि माझ्या अंगातून असा काही आनंद गेला की मी एकटीच खिदळायला लागले. लाट आपल्याला ढकलत नाही, उचलून धरते. दोरी सैल पडायला लागली. आता सोडावी म्हणून मी वर पाहिलं. होडीत मामाचं तोंड हलत होतं. इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. आईचं तोंड हललं. मामाचं पुन्हा हललं. आई ताडकन उठली आणि उजवीकडे जाऊन बसली. माझ्या पायाखालची लाट कुणीतरी चादर ओढावी तशी निघून गेली.

मी वर आले तेव्हा नाकातोंडात पाणी होतं आणि मी हसतच होते.

“काय झालं?” मी ओरडून विचारलं.

“काही नाही,” मामी वरून म्हणाली. “साडी झाली.”

तिसऱ्या खेपेला आई माझ्यासाठी परत डावीकडे आली, आणि या वेळी मामा उठला. मी पाहिलं ना, त्याचं बोट वर गेलं, कान लाल झाले आणि तो तरातरा उजवीकडे गेला. मामा आईपेक्षा वीसेक किलोनं जास्त, त्यामुळे होडी एकदम सरळ झाली, लाट विरून गेली आणि मी लाट नसलेल्या पाण्यावर दोरी धरून उभी. मग गेलेच खाली.

आता मात्र कल्पनानं इंजिन बंद केलं. सगळीकडे एकदम शांत झालं. ती गॉगल काढून दोघांकडे वळली.

“हे बघा. मला तुमच्या घरातलं काय बी माहीत न्हाय, आणि करायचंय काय. तुमी भांडा. दिवसभराचं भाडं हाय, दिवसभर भांडा. पण भांडायचं तर बसून भांडा. जो उठंल त्यो पोरीला पाडंल.”

मी पाण्यात बोर्डाला धरून तरंगत होते. थंडीनं माझे दात वाजत होते आणि मनात एकच होतं, आता नाही झालं तर अकराव्या दिवशी अप्पा.

“पुन्हा जायचं का?” कल्पनानं मला विचारलं.

“जायचं,” मी म्हणाले.

मामीनं मधली कळशी उचलून आपल्या पायाशी घेतली. इंजिन सुरू झालं.

मी उठले आणि लगेच वर पाहिलं. दोघं भांडत होती. अगदी बसून. आईची तर्जनी मामाच्या नाकापुढे नाचत होती, आणि उठता येत नसल्यामुळे सगळा जोर त्या बोटात आला होता. मामानं दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला होता. मामी आकाशाकडे बघत अळूवडी खात होती. मग मामा बोलायला लागला. तो बराच वेळ बोलला. आईचं बोट हळूहळू खाली आलं. मध्येच मामीनं खाणं थांबवून नवऱ्याकडे वळून पाहिलं आणि त्याच्या दंडावर एक चापट मारली. आईनं तोंड फिरवलं. मला वाटलं, उठली आता. मी गुडघे वाकवून पडायच्या तयारीत राहिले. पण ती उठली नाही. तिनं पदर शोधला, पदर लाइफ जॅकेटच्या आत अडकला होता, म्हणून तिनं मामाच्या खांद्यावरचा पंचा ओढला आणि त्याला नाक पुसलं. त्याच पंच्याला पलीकडून मामानं डोळे पुसले.

आणि मग ती दोघं एकदम माझ्याकडे वळली, डाव्या कठड्यावर ओणवली, खांद्याला खांदा लावून. तिघांचं वजन, डबे, पाव भरलेली पिशवी, सगळं एका अंगाला आलं, होडीचा काठ पाण्याला टेकायला आला आणि माझ्या शेजारी कमरेएवढी हिरवीगार लाट उभी राहिली.

मी दोरी सोडली.

मला कशानंच ओढलेलं नव्हतं आणि मी चालले होते. पायाखाली धरणाचं पाणी सळसळत होतं, उन्हानं डोळे मिटत होते, आणि मी मोठमोठ्यानं काय ओरडत होते ते मला आजही आठवत नाही. कल्पना नंतर म्हणाली चाळीस सेकंद. मला विचाराल तर त्या चाळीस सेकंदांत माझं निम्मं लग्न लागलं. होडीत आई टाळ्या वाजवत होती, मामा टाळ्या वाजवत होता आणि दोघांपैकी कुणीही उठत नव्हतं.

पडले तेही मजेत पडले.

होडी मला उचलायला आली. आईनं वाकून हात पुढे केला, “ये, ये गं बाई माझी.” मी हात धरला. आई जरा जास्तच वाकली, म्हणून मामानं मागून तिचं जॅकेट धरलं. “ताई, जपून,” तो म्हणाला, आणि तिघंही पाण्यात. मी तर होतेच, ती दोघं माझ्यावर आली.

“ताई, मी बुडतोय,” मामा आईच्या गळ्याला मिठी मारून म्हणाला.

“जॅकेट घालून कुणी बुडत नाही, दिगू. पाय सोड. माझी वेणी सोड. विहिरीत पण असाच धरायचास, अजून अक्कल आली नाही तुला.”

“ताई, सोडू नकोस.”

“नाही सोडत,” आई म्हणाली. “गप तरंग.”

त्या दोघांना वर चढवायला मामीला आणि कल्पनाला दहा मिनिटं लागली. नारायणपेठ आईच्या अंगाला चिकटली होती आणि ती कुडकुडत होती. तेव्हा मामीनं आपल्या पिशवीतून एक कागदी पाकीट काढलं आणि तिच्यापुढे धरलं. आत वांगी रंगाची साडी होती, मोहरीच्या काठांची.

आईनं ती हातात घेतली. घडी उलटून तिनं फॉलचा हिरवा दोरा बघितला. मला वाटलं, संपलं आता सगळं. पण ती म्हणाली, “चादर धर गं, ऋजू.” होडीच्या पुढच्या टोकाला मी जेवणासाठी आणलेल्या चादरीचा आडोसा धरला आणि आई आत साडी बदलू लागली. मामी माझ्या मदतीला आली तेव्हा मी तिला हळूच विचारलं, “मामा काय म्हणाला गं मघाशी?”

“मला सहा वर्षं वाटत होतं, घाईत माझ्याच हातून पाकीट बदललं,” मामी कुजबुजली. “आज ही साडी पुढे ठेवून वन्संच्या पाया पडणार होते मी. तर हे महाशय आज सांगतायत. बावीस बायकांच्या साड्या ह्यांनी स्वतः जाऊन आणल्या, स्वतः यादी केली. लग्नाच्या सकाळी पाकिटं मांडली तर वन्संचं पाकीटच नाही. सख्खी बहीण यादीत घालायची राहिली. मग धावत घरी जाऊन कपाटातली दिसली ती चांगली साडी उचलून आणली. कुणाची कुठली, ह्यांना काय कळतंय.”

“पण बहीण राहिली कशी?”

“तेच वन्संनी विचारलं. त्यावर हे म्हणाले,” मामीचा आवाज जरासा ओला झाला, “ताई, कुणाकुणाला द्यायचं ती यादी होती. तू घेणाऱ्यांत नव्हतीसच माझ्या डोक्यात. तू देणाऱ्यांत होतीस.”

चादरीमागून आईचा आवाज आला, “ऐकू येतंय मला सगळं.”

ती बाहेर आली. साडी तिला छान दिसत होती. तिनं निऱ्या झटकल्या आणि मामासमोर बसत म्हणाली, “हे आधी सांगितलं असतंस तर?”

“लाज वाटली,” मामा म्हणाला. “तू अशी तडकलीस.”

“तडकणारच. फॉलला हिरवा दोरा लावला म्हणून माझी मलाच लाज वाटत होती, त्यात तो सगळ्यांसमोर आला.” मग ती मामीकडे वळली. “कुंदा, तुझा फोन कोरडा आहे ना? इस्लामपूरला लाव.”

मामीनं फोन लावून तिच्या कानाला धरला.

“अप्पा, मी बोलतेय. अरे, त्या दिवशी तू सावकाश ये, घाई करू नकोस. नाही, नाही, ते काही करायचं नाहीये तुला. तू नुसता जेवायला ये.”

मी मामाच्या ओल्या कुशीत शिरून रडले, हसले, सगळंच केलं. मग आम्ही केळवण जेवलो, होडीतच, इंजिन बंद ठेवून. कल्पनानं चार पुरणपोळ्या खाल्ल्या आणि मसालेभात दोनदा घेतला. मामानं तिला शब्द दिला की पंप तो स्वतः दुरुस्त करून देईल, त्यावर ती म्हणाली, “नको काका, तुमी फक्त हात लावू नका.”

ऊन उतरल्यावर तिनं इंजिन सुरू केलं.

“आता निम्मी माणसं उजवीकडं बसा,” ती म्हणाली. “लाट नको आता. सरळ जायचंय.”

मामी सरकली, मी सरकले. आई आणि मामा विहिरीवरचं कुठलं तरी जुनं भांडण उकरून काढण्यात गुंग होती, आणि दोघंही बसूनच होती. कल्पनानं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग नाद सोडला. काठाला लागेपर्यंत आमची होडी डावीकडे कललेलीच होती.